मराठी येते, तरी उतारा का चुकतो?

प्रश्न : मी परभणी जिल्ह्यातल्या एका गावात राहून राज्यसेवेची तयारी करते. पहिलीपासूनचे शिक्षण मराठीत झाले. सामान्य अध्ययनाचा पहिला पेपर बरा जातो, पण सी-सॅटमधले उताऱ्यांवरचे प्रश्न हमखास चुकतात. उतारा वाचताना सगळे समजल्यासारखे वाटते आणि उत्तरतालिका पाहिली की पाचपैकी तीन गेलेले असतात. मैत्रिणी म्हणतात, वाचनाचा वेग वाढव. कुणी म्हणते, रोज अग्रलेख वाच. आपल्याच भाषेतला उतारा आपल्यालाच का चुकावा? आणि याची तयारी खरोखर करता येते का?

उत्तर : तुमच्या पत्रातले ‘सगळे समजल्यासारखे वाटते’ हे शब्द मी पुन्हा पुन्हा वाचले, कारण दुखणे तिथेच आहे. उतारा कळणे आणि त्यावरचा प्रश्न सुटणे यांच्यामध्ये एक पायरी असते आणि ती आपल्याला शाळेत क्वचितच शिकवली जाते. मराठीच्या पेपरात धड्यावर काय विचारतात ते आठवा : ‘तुमच्या शब्दांत लिहा’, ‘तुमचे मत मांडा’. स्वमताला गुण असतात, त्यामुळे लेखकाच्या म्हणण्यात आपले थोडे मिसळायची सवय दहावीपर्यंत पक्की होते. निबंधाला ती सवय उपयोगी पडते. लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतला उतारा मात्र विचारतो की लेखकाने नेमके काय म्हटले आहे. तेवढेच सांगायचे, त्यात भर घालायची नाही आणि काही गाळायचेही नाही.

हे उदाहरणाने लवकर पटेल. पुढचा उतारा मी इथे समजावण्यापुरता रचला आहे.

‘ठिबक सिंचनाने पिकाला द्यावे लागणारे पाणी वाचते, याविषयी आता फारसा वाद उरलेला नाही. मात्र वाचलेल्या पाण्यावर शेतकऱ्याने आणखी क्षेत्र बागायती केले, तर खोऱ्यातील पाण्याचा एकूण उपसा कमी होईलच असे म्हणता येत नाही. म्हणून ठिबकच्या प्रसाराबरोबर पाणीवाटपाचे नियमही ठरवावे लागतील.’

लेखकाच्या म्हणण्याशी सुसंगत विधान कोणते?
(१) ठिबक सिंचनामुळे खोऱ्यातील पाण्याचा उपसा वाढतो.
(२) ठिबकच्या प्रसाराने एकूण उपसा घटेल याची खात्री नाही.
(३) ठिबकसाठी शासनाने अनुदान वाढवावे.
(४) ठिबकने पाणी वाचते की नाही याबद्दल मोठा वाद आहे.

चौथा पर्याय उताऱ्याच्या थेट उलट आहे. तरी तो निवडला जातो, कारण घाईत वाचणाऱ्याच्या डोळ्यांत ‘याविषयी वाद’ भरते आणि वाक्याच्या टोकाचे ‘उरलेला नाही’ निसटते. तिसरा पर्याय वाचून शेतकऱ्याच्या घरातली मुलगी म्हणेल, हे तर खरेच आहे. असेल खरे, पण या तीन वाक्यांत अनुदानाचा शब्द नाही. सर्वांत जास्त बळी घेतो पहिला पर्याय. लेखकाने म्हटले की उपसा कमी होईलच असे नाही, आणि आपण वाचले की उपसा वाढतो. लेखक शंकेपाशी थांबला होता, आपण त्याला निष्कर्षापर्यंत ओढत नेले. उरला दुसरा पर्याय, जो वाचायला अगदी मिळमिळीत वाटतो. तेच उत्तर आहे.

यावरून कुणी ‘सौम्य पर्याय म्हणजे बरोबर पर्याय’ असे सूत्र करू नये. काही क्लासमध्ये अशी सूत्रे वाटली जातात आणि ती घातक आहेत. लेखक स्वतः ठामपणे बोलत असेल तर ठाम पर्यायच बरोबर असतो. जोर लेखकाने जेवढा दिला तेवढाच मोजायचा.

हा जोर मराठीत कुठे लपलेला असतो, हे एकदा नीट पाहून घ्या. आपल्या वाक्याचा निकाल शेवटी लागतो. कर्ता, कर्म, दोन-तीन उपवाक्ये असे सगळे वाचून झाल्यावर टोकाला क्रियापद येते आणि ‘नाही’, ‘नव्हे’, ‘असे नाही’ तिथेच बसलेले असते. ओळीवरून नजर फिरवत जाणाऱ्याचे मन वाक्य संपायच्या आधीच अर्थ लावून मोकळे होते. मातृभाषा असल्याचा तोटा होतो तो इथे. परक्या भाषेत आपण शेवटच्या शब्दापर्यंत चाचपडत जातो, आपल्या भाषेत अर्ध्यावरच ‘कळले’ म्हणतो. त्यात ‘च’ आणि ‘ही’ ही दोन अक्षरे आहेत. ‘पावसाअभावी उत्पादन घटले’, ‘पावसाअभावीच उत्पादन घटले’ आणि ‘पावसाअभावीही उत्पादन घटले’ ही तीन वेगळी विधाने आहेत. दुसऱ्यात इतर सर्व कारणे नाकारली गेली, तिसऱ्यात आणखी कारणे असल्याची कबुली आली. प्रश्नकर्त्याला पर्याय बिघडवायला एवढे पुरते. ‘केवळ’, ‘सर्व’, ‘बहुतांश’, ‘काही अंशी’, ‘प्रामुख्याने’, ‘तरीही’, ‘अन्यथा’ या शब्दांखाली सरावाच्या काळात पेन्सिलीने रेघ ओढत चला. काही आठवड्यांत रेघ न ओढताही डोळा तिथे थांबू लागतो.

सरकारी नोकरीसाठी असले बारीक वाचन कशाला तपासायचे, असा प्रश्न अनेकांच्या मनात असतो. मला स्वतःला ही परीक्षा रास्त वाटते. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मधले कलम ७ घ्या. अर्ज आल्यापासून ३० दिवसांत माहिती द्यावी, हे सगळ्यांना पाठ असते. पण त्याच तरतुदीला जोडलेले परंतुक सांगते की मागितलेली माहिती एखाद्या व्यक्तीच्या जीविताशी किंवा स्वातंत्र्याशी संबंधित असेल, तर ती ४८ तासांत द्यावी लागते. अधिकाऱ्याने परंतुकापाशी वाचन सोडले, तर कोठडीतल्या माणसाच्या घरच्यांचा अर्ज महिनाभर फायलीत पडून राहील. शासन निर्णय, न्यायालयाचे आदेश, फेरफारावरच्या हरकती यांत नागरिकाचे भले-बुरे अशाच एखाद्या ‘परंतु’वर ठरते. ज्याला स्वतःच्या मनातले आणि कागदावरचे वेगळे ठेवता येते, त्याच्याच हाती तो कागद जावा.

आता आकडे. सी-सॅट हा राज्यसेवा पूर्व परीक्षेचा दुसरा पेपर २०१३ पासून आहे : ८० प्रश्न, २०० गुण, दोन तास. त्यात उताऱ्यांवरचे प्रश्न पन्नासच्या आसपास असतात. आधी या पेपरचे गुण पुढच्या निवडीत धरले जात. २०२२ मध्ये आयोगाने तो अर्हताकारी केला, म्हणजे ३३ टक्के, २०० पैकी ६६ गुण मिळाले की पुरे. हे कळल्यावर अनेकांनी सी-सॅटचा सराव सोडून दिला आणि ती मोठी चूक ठरते. प्रत्येक प्रश्न अडीच गुणांचा आणि चुकीच्या उत्तरामागे त्याचा चौथा हिस्सा वजा. समजा, ३० उत्तरे बरोबर आली आणि १५ चुकली. मिळाले ७५, गेले ९.३७५, उरले ६५.६२५. पहिल्या पेपरात कितीही गुण असोत, मुख्य परीक्षेचे दार बंद. चुका १५ ऐवजी १४ असत्या तर ६६.२५ झाले असते. एक ‘च’ नीट वाचला की वर्ष वाचते, इतका हा हिशेब सरळ आहे.

वेगाबद्दल तुमच्या मैत्रिणींचे म्हणणे मला मान्य नाही. १२० मिनिटांपैकी ७० मिनिटे दहा उताऱ्यांना दिली, तर प्रत्येकाला सात येतात. उतारा तीनशे शब्दांचा धरला आणि मिनिटाला दीडशे शब्द अशा निवांत गतीने वाचला, तरी दोन मिनिटांत तो संपतो. पाच प्रश्नांना पाच मिनिटे उरतात. उरलेल्या तीस प्रश्नांसाठी अजून ५० मिनिटे हातात आहेतच. मग वेळ जातो कुठे? पहिल्यांदा घाईने वाचल्यामुळे प्रत्येक प्रश्नाला उतारा वरून खाली पुन्हा चाळावा लागतो, त्यात. वाचताना डोळ्यांची हालचाल कशी होते याचा आयुष्यभर अभ्यास केलेले कीथ रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जलद वाचनावरच्या संशोधनाचा आढावा २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांचा निष्कर्ष स्पष्ट आहे : गती फार वाढवली की आकलन घटते, आणि दोन्ही एकदम वाढवणारी जादूची रीत कुणापाशी नाही. गती टिकाऊपणे वाढते ती भाषेशी आणि विषयाशी ओळख वाढल्याने. तेव्हा जलद वाचनाच्या क्लासला पैसे देऊ नका.

विषयाशी ओळख म्हटले, तर लगेच एक अडचण उभी राहते. आत्ताच मी म्हटले की स्वतःचे ज्ञान उताऱ्यात मिसळू नका. मग ज्ञान वाढवायचे कशाला? याचे उत्तर एका जुन्या प्रयोगात आहे. अमेरिकेत डॉना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी १९८८ मध्ये ६४ शाळकरी मुलांना बेसबॉलच्या एका डावाचे वर्णन वाचायला दिले. काही मुले वाचनात हुशार होती, काही कच्ची. आणि दोन्ही गटांत बेसबॉल जाणणारी व न जाणणारी मुले होती. वाचनात कच्ची पण खेळ जाणणारी मुले, वाचनात हुशार पण खेळ न जाणणाऱ्या मुलांपेक्षा पुढे गेली. ‘आकलन’ नावाची एकच सुटी शक्ती नसते. ज्या विषयाचे आपल्याला काहीच ठाऊक नाही, तिथे चांगला वाचकही अडखळतो. म्हणून परीक्षेच्या आधी ज्ञान हवेच. चलनवाढ, प्रकाशसंश्लेषण, संघराज्य, उत्क्रांती हे शब्द उताऱ्यात भेटले की दचकायला होता कामा नये. पेपर हातात आल्यावर त्याच ज्ञानाच्या जोरावर उतारा समजून घ्यायचा, पण उत्तर निवडताना फक्त उताऱ्याची साक्ष धरायची. ज्यांचे सामान्य अध्ययन पक्के असते ते उमेदवार कित्येकदा उताऱ्यात मार खातात, कारण ‘मला हे माहीत आहे’ हा आवाज त्यांच्या मनात फार मोठा असतो. तुमचा पहिला पेपर बरा जातो असे तुम्ही लिहिले आहे. तुमचे तसेच होत असण्याची शक्यता मला जास्त वाटते.

अग्रलेख जरूर वाचा, पण फक्त त्यांवर विसंबू नका. अग्रलेखात मत असते, आवेश असतो, आपण मान डोलावत किंवा चिडत वाचतो. परीक्षेतला उतारा बहुधा थंड, माहितीपर आणि काहीसा बोजड असतो, कित्येकदा तर इंग्रजीतून आणलेला. त्याची सवय व्हायला मराठी विश्वकोशाइतके चांगले साधन मला माहीत नाही. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली वाईत उभे राहिलेले हे काम आज इंटरनेटवर विनामूल्य वाचता येते. रोज एक नोंद घ्या : एक दिवस भूशास्त्रातली, दुसऱ्या दिवशी तत्त्वज्ञानातली, मग अर्थशास्त्रातली. जो विषय नकोसा वाटतो तो आधी. दरवर्षी अर्थसंकल्पाच्या आधी येणारा ‘महाराष्ट्राची आर्थिक पाहणी’ हा अहवालही मराठीत असतो. त्यातले कुठलेही एक प्रकरण घेतले तरी आकडे आणि विधाने यांची सांगड घालायचा सराव होतो.

नुसते वाचून भागणार नाही. एक परिच्छेद वाचला की कागद झाका आणि लेखकाचे म्हणणे एका वाक्यात लिहा. मग झाकण काढून पाहा : तुमच्या वाक्यात लेखकाने न म्हटलेले काय आले, त्याने घातलेली कोणती अट गळली? सुरुवातीला हे फार कंटाळवाणे वाटते. तरीही पाच-सात उतारे भराभर सोडवण्यापेक्षा एका उताऱ्याचे असे शवविच्छेदन अधिक शिकवते, असे माझे ठाम मत आहे.

चुकांची वही ठेवा आणि त्यात चूक कोणत्या जातीची हे लिहा. उलटे वाचले? लेखकापेक्षा जास्त ठाम केले? बाहेरची माहिती आणली? की प्रश्नातले ‘अयोग्य विधान निवडा’ हेच नजरेतून सुटले? शेवटच्या प्रकारची चूक फार लोक करतात आणि तिला ‘निष्काळजीपणा’ म्हणून सोडून देतात. तसे करू नका. ती वारंवार होत असेल तर प्रश्नातल्या नकाराला गोल करायचा नेम धरा आणि परीक्षेतही पाळा.

जवळपास अभ्यासिका असेल तर एखादी जोडीदार शोधा. दोघींनी एकच उतारा सोडवायचा आणि उत्तर वेगळे आले की वाद घालायचा. नियम एकच, ‘ओळ दाखव’. जिला आपल्या पर्यायासाठी उताऱ्यातल्या ओळीवर बोट ठेवता येत नाही, तिने माघार घ्यायची. ‘पण तसे असतेच ना’ हा युक्तिवाद चालणार नाही. पुण्याच्या सदाशिव पेठेत जाऊन राहिल्याशिवाय तयारी होत नाही असे मानणाऱ्या मुलामुलींना मी आवर्जून सांगते की निदान या पेपरसाठी पुण्याची गरज नाही. गावातले ग्रंथालय, एक मैत्रीण आणि जुन्या प्रश्नपत्रिका एवढे पुरते.

प्रश्न : आधी प्रश्न वाचावेत की उतारा? आमच्या अभ्यासिकेत यावर दोन तट पडले आहेत. (सोलापूर)

उत्तर : आधी फक्त प्रश्नांची तोंडे पाहावीत, पर्याय मुळीच वाचू नयेत. चारपैकी तीन पर्याय खोटे असतात आणि खोटी विधाने आधी वाचली की ती उताऱ्यात दिसू लागतात. प्रश्नांवरून नजर फिरवायला पंधरा-वीस सेकंद पुरतात. लेखकाचा रोख विचारला आहे की एखादा तपशील, एवढेच त्यातून घ्यायचे. ‘पुढील विधाने विचारात घ्या’ अशा धाटणीचे प्रश्न असतील तर तेवढेही करू नका, थेट उताऱ्याला हात घाला. एकदा सावकाश वाचा, प्रत्येक परिच्छेदाशेजारी एक-दोन शब्दांची खूण करा आणि मग प्रत्येक प्रश्नाला त्या खुणेच्या आधाराने नेमक्या ओळीवर परत जा. आठवणीवर विसंबून उत्तर देऊ नका. ज्या उताऱ्याची पहिली चार वाक्ये दोनदा वाचूनही आत शिरत नाहीत, तो शेवटी ठेवा.

प्रश्न : इंग्रजीचा उतारा सोडून दिला तर चालेल का? माझे इंग्रजी कच्चे आहे. (गडचिरोली)

उत्तर : पूर्व परीक्षेपुरते कदाचित चालून जाईल. बहुतेक उतारे मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत छापलेले असतात. भाषेचे आकलन तपासणारे काही उतारेच फक्त एका भाषेत, अनुवादाविना येतात. पण मी सोडा म्हणणार नाही. २०२५ पासून राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आणि तिच्यात मराठी व इंग्रजी असे ३०० गुणांचे दोन अनिवार्य भाषा पेपर आले. दोन्हींत किमान २५ टक्के मिळवावेच लागतात. म्हणजे पूर्व परीक्षेत टाळलेले इंग्रजी पुढच्या वळणावर उभेच आहे. बालभारतीची नववी ते बारावीची इंग्रजीची पुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात, तिथून सुरुवात करा. इंग्रजी थोडे सुधारले की आणखी एक लाभ होतो : मराठी उताऱ्यातले एखादे वाक्य अनुवादामुळे गुंतागुंतीचे झाले असेल, तर शेजारचे इंग्रजी वाक्य पाहून गाठ सोडवता येते. दुबार छापलेल्या उताऱ्याचा हा उपयोग फार थोडे उमेदवार करतात.

प्रश्न : सगळा सराव मोबाइलवर करतो. फरक पडतो का? (नाशिक)

उत्तर : पडतो. कागदावरचे आणि पडद्यावरचे वाचन ताडून पाहणाऱ्या ५४ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. माहितीपर मजकूर वाचताना कागदावरचे आकलन सरस ठरले आणि वेळेची मर्यादा असताना हा फरक अधिक दिसला. राज्यसेवा पूर्वचा पेपर कागदावर असतो, तेव्हा किमान आठवड्याला एक प्रश्नपत्रिका छापून, घड्याळ लावून, पेनाने सोडवा. तलाठी भरतीसारख्या परीक्षा संगणकावर होतात. त्यांची तयारी करणाऱ्याने पडद्यावर, पण मोबाइलपेक्षा मोठ्या पडद्यावर, सराव करावा.

आणि सर्वांसाठी एक सूचना. सरावाला बाजारातल्या उताऱ्यांपेक्षा आयोगाच्या २०१३ पासूनच्या प्रश्नपत्रिका घ्या आणि गुण मोजताना अंतिम उत्तरतालिकाच वापरा. पहिल्या तालिकेवर हरकती मागवल्या जातात, त्यानंतर काही उत्तरे बदलतात आणि काही प्रश्न रद्दही होतात.